हौशी शिवणारीला कडक परीक्षक का आवडतात

प्रतापनगरात राहणाऱ्या आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर शिवण शिकू लागलेल्या एका भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. 'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी'सारखी शिवणकामाची शांत स्पर्धा पाहताना आपण रमून जातो, पण आपल्याकडच्या आरडाओरड्याच्या पाककला-स्पर्धा दहा मिनिटांत बंद कराव्याशा वाटतात, असे का व्हावे? असा कार्यक्रम पाहून हाताला काही वळण लागते, की नुसता वेळ जातो? आणि आपल्या महिला मंडळात असे काही घेता येईल का?

तिन्ही प्रश्नांचे मूळ मला एकच दिसते, म्हणून उत्तरही सलगच देते. नागपुरात मी शिवणवर्ग घेते त्याला बरीच वर्षे झाली. ब्लाऊजच्या ऑर्डरी घेऊन घर चालवणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, तशाच केवळ हौस म्हणून येणाऱ्याही येतात. या कार्यक्रमाबद्दल दोघींचे मत एक नसते, हे आधीच नमूद करून ठेवते.

पहिल्या प्रश्नाचे चटकन सुचणारे उत्तर असे की, तिथली माणसे एकमेकांशी चांगली वागतात. एखादीची बाही उलटी लागली तर शेजारचा स्पर्धक स्वतःचे काम सोडून तिच्या टेबलाशी जातो, सूत्रसंचालक थट्टा करतात पण टोचून बोलत नाहीत, आणि बाहेर पडणाऱ्याला सगळे जवळ घेऊन निरोप देतात. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. नुसता गोडवा पाहण्यासाठी कोणी तासभर एका जागी बसत नाही, आणि गोडव्याचा आपल्याकडे काही तुटवडाही नाही. भिशीला नवीन ब्लाऊज शिवून, घालून गेलात की "छानच झालंय गं" असे चौघीजणी म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मुंढ्याखाली, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईखाली, पडलेली आडवी सुरकुती कोणाला दिसत नाही, आणि जिला दिसते ती मनाला लागेल म्हणून बोलत नाही. स्वतःसाठी शिवणाऱ्या बाईला वर्षानुवर्षे जे मिळालेले नसते ते हे की, एखाद्या जाणकाराने तिचे काम हातात घ्यावे, उलटे करून आतली शिवण पाहावी, आणि जे दिसेल ते तिला कमी न लेखता स्पष्ट सांगावे. माझ्या मते त्या कार्यक्रमाची ओढ इथे आहे. वरवर सौम्य दिसणाऱ्या त्या स्पर्धेतले परीक्षण अतिशय कडक असते, आणि ते कडक असूनही कोणाचा अपमान होत नाही, याचे आपल्याला अप्रूप वाटते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची बांधणी थोडक्यात सांगते. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही केक-पावाची स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली. तीच निर्मितीसंस्था, लव्ह प्रॉडक्शन्स, हिने एप्रिल २०१३ मध्ये बीबीसी टूवर शिवणकामाची स्पर्धा आणली. २०२० मध्ये ती बीबीसी वन या मुख्य वाहिनीवर गेली. पहिल्या वर्षापासूनचे एक परीक्षक पॅट्रिक ग्रँट हे लंडनच्या सॅव्हिल रो या सूट शिवणाऱ्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावरील नॉर्टन अँड सन्स या पेढीशी जोडलेले. दुसऱ्या परीक्षक आधी शिवणशिक्षिका मे मार्टिन होत्या आणि २०१६ पासून वेशभूषाकार एस्मे यंग आहेत. स्पर्धक सगळे हौशी. प्रत्येक भागात तीन कामे असतात: सर्वांना एकच कागदी नमुना देऊन त्यावरून कपडा शिवायला सांगतात; मग जुन्या कपड्यातून किंवा भलत्याच कापडातून थोड्या वेळात नवे काही करायला सांगतात; आणि शेवटी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर बसेल असा कपडा शिवून घेतात. मधल्या कामाच्या वेळी परीक्षकांना बाहेर पाठवतात आणि कोणता कपडा कोणाचा हे न कळता ते क्रम लावतात. जिंकणाऱ्याला रोख रक्कम मिळत नाही, एक चषक मिळतो.

या बांधणीतच सौम्यपणाची सोय केलेली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. शेवटी लाखो रुपये ठेवले असते तर शेजारणीची बाही लावून द्यायला कोणी उठले नसते. पुतळ्यावर नाव नसलेला कपडा चढवला की, बोलणे आपोआप कपड्याविषयी होते: इथे गळा उभा राहिला आहे, इथे चेन लाटेसारखी दिसते आहे, इथे दोन बाजूंच्या रेघा जुळलेल्या नाहीत. माणूस बाजूला राहतो. आपल्याकडच्या अनेक स्पर्धांत पदार्थाविषयी दोन वाक्ये आणि स्पर्धकाच्या घरच्या हालअपेष्टांविषयी वीस वाक्ये असतात, त्यावर ढोल-ताशासारखे पार्श्वसंगीत आणि तोच चेहरा तीन कोनांतून. एवढ्यात पदार्थ निवतो. पाहणारीला स्वतःचे डोळे वापरायला जागाच उरत नाही.

शिवणकामात ती जागा विशेष मोठी असते. पडद्यावरचा रस्सा आपल्याला चाखता येत नाही, परीक्षक म्हणतील ते मान्य करावे लागते. कपड्याचे तसे नाही. बाहीवर चुणी पडली असेल तर ती परीक्षकांना दिसते तशीच आपल्यालाही दिसते, आणि पुष्कळदा त्यांच्या आधी दिसते. माझ्या वर्गातल्या मुली मोबाइलवर एखादा तुकडा लावतात तेव्हा हा अनुभव नेहमी येतो: बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा साधारण एक इंच जास्त ठेवून तो दोऱ्याने सारखा दाबत बसवायचा असतो, आणि पडद्यावरचा स्पर्धक घाईत ते सगळे जास्तीचे कापड खांद्याच्या एकाच ठिकाणी गोळा करतो आहे, हे पाहताच चार जणी एकदम "अगं, गेलं!" म्हणतात. दहा मिनिटांनी परीक्षक तेच सांगतात. आपल्याला कळते, हे कळण्याचा तो आनंद असतो, आणि निवृत्तीनंतर एखादी विद्या नव्याने हाती घेतलेल्या माणसाला तर त्याची फारच गरज असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या गावच्या संदर्भात सांगितल्याशिवाय नीट पटणार नाही. इतवारी, महाल, सीताबर्डीकडच्या शिवणाऱ्या दुकानांत कपडा एका हाताने होत नाही. माप आणि कटिंग मास्टर करतात, शिलाई कारागीर करतो, काज-बटण तिसऱ्याकडे जाते, आणि फॉल-पिकोचे दुकान तर वेगळेच असते. धंद्याच्या दृष्टीने हे योग्य आहे. ज्याचा हात ज्यात बसलेला त्याने ते करावे. पण त्यामुळे एक संपूर्ण कपडा एकाच माणसाच्या हातून, कापडाच्या घडीपासून शेवटच्या तुरपईपर्यंत, तयार होताना पाहण्याची संधी आपल्याला मिळत नाही. घरी शिवणारी बाई मात्र हे सगळे एकटीच करते, आणि मास्टरपेक्षा आपले कटिंग वाईट, कारागिरापेक्षा आपली शिलाई वाकडी, अशी तुलना मनाशी करत राहते. पडद्यावर तिला पहिल्यांदा तिच्यासारखी माणसे दिसतात: कटिंगही स्वतःच करणारी, शिलाईही स्वतःच, आणि दिवसा भलतीच नोकरी असणारी. २०१३ च्या पहिल्या विजेत्या अ‍ॅन राउली त्या वेळी ८१ वर्षांच्या होत्या. २०२० च्या विजेत्या क्लेअर ब्रॅडली डॉक्टर आहेत, आणि २०२३ च्या विजेत्या अस्मा अल-अल्लाक तर शल्यचिकित्सक आहेत. टाके घालणाऱ्या हातांना दुसरे टाके जड जात नसावेत, पण तो विनोद सोडून देऊ. २०१५ मध्ये मॅट चॅपमन हे पुरुष स्पर्धक जिंकले, आणि मला त्यातून एक गमतीची विसंगती दिसते: आपल्याकडे दुकानातल्या मशीनवर पुरुष बसला तर तो कारागीर, घरच्या मशीनवर बसला तर लोक हसतात. माझ्या वर्गात एक निवृत्त गृहस्थ नातवंडांचे कपडे शिवायला शिकले, ते सुरुवातीला फाटक लावून घ्यायला सांगत.

अलीकडचे हंगाम इंग्लंडमधल्या लीड्सजवळ, सनी बँक मिल्स या जुन्या कापड गिरणीच्या इमारतीत चित्रित झाले आहेत. गिरणीच्या त्या उंच खिडक्यांतून येणारा उजेड पाहून माझ्या मनात दर वेळी आपली एम्प्रेस मिल येते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये ती नागपुरात सुरू केली; आज तिच्या जागेवर मॉल आहे आणि तिथे तयार कपडे मिळतात.

आता दुसरा प्रश्न: हाताला वळण लागते का. थोडे लागते, पण काय पाहावे हे माहीत असले पाहिजे, आणि काय पाहून विसरावे हेही. स्पर्धेतली वेळेची मर्यादा ही कार्यक्रमासाठी निर्माण केलेली अडचण आहे, तिला शिवणकामाचा नियम समजू नये. याचे सर्वांत चांगले उदाहरण उरेब कापलेल्या घेराचे. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी ४५ अंशांचा कोन करून कापले की कापड ताणते आणि अंगावर सुंदर पडते. पॅरिसच्या वस्त्ररचनाकार मादलेन व्हिओने यांनी १९२० च्या दशकात याच गुणावर आपली कीर्ती उभी केली. पण असा घेर शिवल्यावर किमान रात्रभर टांगून ठेवावा लागतो. स्वतःच्या वजनाने तो ठिकठिकाणी कमी-जास्त उतरतो, आणि पूर्ण उतरल्यावरच खालची कड सारखी करून दुमडायची असते. पडद्यावर रात्र उपलब्ध नसते, त्यामुळे तिथल्या अनेक घेरांच्या कडा खाली-वर दिसतात. तो स्पर्धकाच्या हाताचा दोष नसतो, घड्याळाचा असतो. तुम्ही घरी आहात. टांगून ठेवा आणि झोपायला जा.

तसेच कापड आधी भिजवून घेण्याचे. सुती कापड आणि त्याचे अस्तर दोन्ही पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आत आकसते आणि ब्लाऊजची पाठ फुगते. टू बाय टू रुबिया घेणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असते. स्पर्धेत हे दिसत नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्या मुली ते सोडून देतात आणि मग मशीनला दोष देतात.

पाहण्यासारखे काय, तर माझ्या मते सगळ्यात आधी इस्त्री. त्यांच्या प्रत्येक टेबलाच्या हाताशी इस्त्री असते आणि जवळजवळ प्रत्येक शिवणीनंतर ती शिवण उलगडून दाबली जाते. आपल्याकडे इस्त्री शेवटी एकदा, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी करतात. टक्स (उभार देण्यासाठी घातलेल्या निमुळत्या चुण्या), खांदा, बाजू या प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवायची एवढी एकच सवय त्या कार्यक्रमातून उचललीत तरी तुमच्या कामाची सफाई वाढेल, कारण दाबलेल्या शिवणीवरून जाणारी पुढची शिवण सरळ जाते. दुसरे म्हणजे उसवण्याकडे लक्ष द्या. वीस मिनिटे उरली आहेत आणि चेन उलटी लागली आहे, अशा वेळी कोण उसवते आणि कोण तसेच पुढे रेटते, आणि परीक्षणात त्याचे काय होते, हे पाहण्यासारखे असते. बहुतेक वेळा उसवणारा तरतो. हौशी माणसाला उसवणे म्हणजे हार वाटते. सरावलेल्या हाताला ते कामाचाच एक भाग वाटते, आणि हे मी वर्गात कितीही वेळा सांगितले तरी तिथे एक नामवंत सूट-शिवणारा शांतपणे "हे उसवायला हवे होते" म्हणतो त्याचा परिणाम अधिक होतो. मला त्याचा थोडा हेवा वाटतो, हे मान्य करायला हरकत नाही.

तिसरे, परीक्षकांची भाषा ऐका. "चांगले आहे", "वाईट आहे" असे ते क्वचितच म्हणतात. समोरची सुरकुती कुठून सुरू होऊन कुठे जाते यावरून ते कारण सांगतात: छातीकडून बगलेकडे तिरकी जाणारी ओढ दिसली तर टक्स कमी पडला आहे, मानेमागे आडवी वळकटी आली तर पाठीची लांबी जास्त झाली आहे. सुरकुती वाचणे ही शिवणातली खरी अक्षरओळख, आणि ती फुकट शिकायला मिळते आहे. मात्र त्यांचे नमुने जसेच्या तसे उचलू नका. कटोरी ब्लाऊजला जी घट्ट बसण मागतात ती त्यांच्या फ्रॉकला नसते, आणि कमरेवर उघडे राहणारे वस्त्र त्यांच्या पद्धतीच्या मापांत बसत नाही.

जुन्या कपड्यातून नवे करण्याच्या फेरीविषयी मात्र माझे मन द्विधा आहे. त्यांना ती गंमत वाटते. आपल्या आयांनी ते गरज म्हणून केले. लुगड्याचा परकर, परकराचे झबले, उरलेल्याची गोधडी किंवा पायपुसणे, हा क्रम आमच्या पिढीने घरात पाहिलेला आहे, आणि त्यासाठी कोणी चषक दिलेला नव्हता. पण त्याच बायकांना ती फेरी दाखवली तर त्या सर्वांत जास्त रस घेऊन पाहतात आणि पडद्यावरच्यांना कल्पना कमी पडतात असे ठणकावून सांगतात. आपण जे निमूटपणे केले ते कोणीतरी कौशल्य म्हणून मोजते आहे, याचे समाधान त्यात असावे.

आता ऑर्डरी घेणाऱ्यांचे मत. त्यांना हा कार्यक्रम फारसा शांत वाटत नाही. वेळ संपत आल्याची घोषणा होते आणि हौशी प्रेक्षक हसतात, तेव्हा त्यांना संध्याकाळी न्यायला येणारे गिऱ्हाईक आठवते. नगावर मजुरी घेणारीला बाही उसवणे म्हणजे दुसऱ्या ब्लाऊजचे पैसे गमावणे. चुकले तरी पोट अडत नाही, या सोयीवर त्या स्पर्धेतला सगळा निवांतपणा उभा आहे, आणि हे विसरून आपण त्या सौम्यपणाचे कौतुक करू नये. २०२० मध्ये तो कार्यक्रम टाळेबंदीच्या दिवसांत दाखवला गेला आणि घरी अडकलेल्यांना त्याने धीर दिला, असे पुष्कळांनी सांगितले. त्याच दिवसांत आपल्याकडे बचत गटांतल्या बायका मास्क शिवत होत्या. मशीन तेच, पण बसण्याचे कारण वेगळे.

मंडळाविषयी. जरूर घ्या, पण टीव्हीची नक्कल करू नका. पायमशीन उचलून सभागृहात आणणे हा उपद्व्याप आहे, आणि दुसरीच्या मशीनवर कोणाचाही हात सुरुवातीला नीट चालत नाही. दोऱ्याचा ताण, बॉबिन, पेडलचा वेग सगळेच वेगळे. त्यापेक्षा सर्वांना एकच नमुना आणि एकाच ताग्यातले अर्धा-अर्धा मीटर मलमल द्या, आणि पंधरा दिवसांनी तयार वस्तू मागवा. मी झबले सुचवेन. दिसायला ते किरकोळ असते, पण त्यात गोल गळ्याला उरेब पट्टी लावावी लागते, इवलीशी बाही असते, बंद असतात, आणि आतली शिवण बाळाच्या अंगाला टोचणार नाही अशी बंदिस्त करावी लागते. लपवायला कुठेही जागा नाही. पिको करून मोकळी सोडलेली कड आणि दुहेरी मोडलेली शिवण यांतला फरक झबले उलटे केले की अंधारातही बोटांना कळतो. कागदी नमुना वर्तमानपत्रावर उतरवून देऊ शकता, पण शाई मलमलीला लागते, तेव्हा आधी एकदा त्यावरून साधा कागद कापून घ्या.

झबल्यांना नावे लावू नका, चिठ्ठीवर क्रमांक घाला, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे एकाच व्यक्तीला ठाऊक असू द्या. परीक्षक दोन हवेत: एक दुकानात कटिंग करणारे मास्टर आणि एक घरच्यांसाठी आयुष्यभर शिवलेली वयस्क बाई. मास्टर रेषा पाहतील. आजी बाळाला ते घालता-काढता येईल का हे पाहतील, आणि या दोन मतांतला वाद ऐकण्यासारखा होईल. टाळ्यांवर किंवा उपस्थितांच्या मतांवर निकाल ठेवू नका, कारण मग ज्या घरातून जास्त माणसे आली तिथे बक्षीस जाते. परीक्षकांना आधी विनंती करा की प्रत्येक झबले प्रथम उलटे करावे, त्यात जमलेली एक नेमकी गोष्ट आणि सुधारायची एक नेमकी गोष्ट सांगावी, आणि ती चिठ्ठीवर लिहून टाचणीने झबल्याला लावावी, म्हणजे घरी गेल्यावरही ती वाचता येईल. बक्षीस म्हणून चांगली कात्री द्या. स्पर्धा संपल्यावर झबली कुठे द्यायची हेही आधीच ठरवा आणि द्यायच्या आधी ती धुऊन, टाचण्या मोजून काढून घ्या.

हे मे महिन्यात मात्र घेऊ नका. पारा पंचेचाळीसकडे गेलेला असतो, घामाच्या हाताने पांढरी मलमल मळते आणि कूलरसमोर कागदी नमुने उडतात. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. लग्नसराई सुरू झाली की कोणतेही मास्टर दुपारची मोकळीक देणार नाहीत, तेव्हा आधी त्यांना विचारा आणि मगच तारीख ठरवा.